ऑनलाइन भांडणातून उठून गावात कसं यावं

व्हॉट्सॲपवर वाद घालून समोरच्याचं मत बदललं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. मन मात्र हमखास बिघडतं. ज्याच्याशी रात्री दीडपर्यंत आरक्षणावरून नाहीतर निवडणुकीवरून वाजलं, तोच सकाळी डेअरीवर दूध घालायला आपल्या पुढं उभा असतो आणि दोघंही खाली मान घालून कॅनकडं बघत राहतात. मोठ्या शहरात असं भांडण परवडत असेल. मराठवाड्यातल्या गावात एप्रिल-मेमध्ये त्याच माणसाच्या बोअरवरून पाणी आणायची पाळी येते, आणि हे टाइप करताना आठवत नाही.

फोन बाजूला ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. लोक तो ऐकून फोन कपाटावर ठेवतातही आणि पाऊण तासानं उठून परत घेतात. वेळ रिकामा राहिला की हात तिकडंच जाणार. म्हणून सोडण्याची काळजी कमी करा, धरायचं काय ते आधी ठरवा. आणि धरायचं ते असं काम धरा की तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल. नुसतं 'लोकांत मिसळा' म्हणण्यात अर्थ नाही, मिसळायला काहीतरी निमित्त लागतं.

१. ग्रुप शांत करा, पण गाजावाजा नको

निरोपाचं भाषण आधी टाळा. 'मी हा ग्रुप सोडत आहे, कारण…' असं लिहिलं की त्या कारणावरच नवं भांडण पेटतं आणि आपण ते वाचायला परत जातो. व्हॉट्सॲपवर ग्रुपचा आवाज आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा बंद करता येतो. कायमचा करा, आणि ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे तो रोज यादीत वर येऊन डोळ्यांपुढं नाचणार नाही. सोडायचाच असेल तर २०२२ पासून ते गुपचूप करता येतं, घोषणा सगळ्यांना होत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. फेसबुकवर एखाद्याच्या पोस्ट तीस दिवस दिसू नयेत अशी सोय आहे. मैत्री तुटत नाही, त्याला पत्ताही लागत नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे वाद टाळायला ती दोन-तीनदा वापरली तरी पुरते.

भावकीचा ग्रुप मात्र सोडू नये. तिथला ॲडमिन बहुधा एखादा चुलता असतो आणि त्याचा हिशेब पुढच्या लग्नात चुकता होतो. तो नुसता मुका करून ठेवा. नळाला पाणी कधी येणार, विजेचा डीपी जळाला का, सोयाबीनला आज काय भाव फुटला, शाळेला सुट्टी आहे का, हे सांगणारे ग्रुप चालू राहू द्या. तुम्हीच ॲडमिन असाल तर मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस 'फक्त ॲडमिन मेसेज टाकतील' ही सेटिंग लावा. शिव्या तुम्हालाच बसतील, पण गाव शांत राहील.

अर्धवट राहिलेला एखादा वाद डोक्यात घोळत असेल तर त्या माणसाला एकच ओळ पाठवा: 'बाजारात भेट, तिथं बोलू.' आठवडी बाजाराचा दिवस येईपर्यंत दहातले नऊ वाद आपोआप विरतात. दहावा खरा असतो, तो भेटून बोलण्यासारखाच असतो.

२. नाव लागेल असं एक काम धरा

इथं घाई करू नका. दहा ठिकाणी नाव घालून कुठंच न जाण्यापेक्षा एक जागा पुरे.

अखंड हरिनाम सप्ताहाइतकी चांगली सुरुवात मराठवाड्यात दुसरी नाही, आणि हे मी फार देवभोळा म्हणून सांगत नाही. सप्ताहात प्रत्येक तासाला माणूस लागतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. या सगळ्यात मंदिरात विणा उभा असतो. विणा सात दिवस खाली टेकवायचा नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. त्यासाठी पहाऱ्याची यादी होते, कुणाचा पहारा किती ते किती हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवतात. तुमच्या वेळेला तुम्ही आला नाहीत तर आधीचा माणूस विणा घेऊन तसाच उभा राहतो. त्याला ठेवून जाता येत नाही. आणि तो कोण असेल हे यादी करणाऱ्याच्या हातात असतं, तुमच्या नाही. ज्याच्याशी ग्रुपवर वाजलं त्याच्याकडून विणा घ्यायची वेळ येते. तो पट्टा आपल्या गळ्यात घालून देतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि तो घरी जातो. एक शब्द बोलावा लागत नाही.

उभं राहणं जमत नसेल तर पंगतीत वाढायला जा. लाउडस्पीकरवरून 'प्रत्येक घरानं पोळ्या घेऊन याव्यात' अशी हाक येते, मंदिरापाशी पोळ्यांची चळत लागते, आणि बादलीत वरण घेऊन पळणाऱ्याला समोर कुणाचं पान आहे हे बघायला सवड नसते. नव्या माणसाला आधी मीठ नाहीतर पाणी देतात. भाजीची बादली मिळाली की समजायचं, आपली बढती झाली.

भजन-कीर्तनात मन रमत नाही, किंवा तुमचा धर्म वेगळा आहे, तरी जागा पुष्कळ आहेत. गावात शासनमान्य वाचनालय असेल तर ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालतं आणि त्याचा दर्जा अ, ब, क, ड असा ठरतो. ग्रंथपालाला जुन्या पुस्तकांना पुठ्ठे घालायला, नोंदवही नीट करायला माणूस कायम हवा असतो. मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच शाळांत सही घेण्यापुरतीच समिती भरते. एक पालक जरी नेमानं बैठकीला यायला लागला तरी मुख्याध्यापक बैठक खरोखर घेतात. बायकांना बचत गटाचं वेगळं सांगायला नको, तिथं तर हप्त्याच्या दिवशी गैरहजेरी लगेच दिसते.

३. ग्रामसभेला प्रश्न घेऊन जा

सरकारच्या धोरणावर रात्रभर लिहिणाऱ्यांपैकी किती जण ग्रामसभेला जातात, हे तुमच्याच गावात बघा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्या साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास येतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे शंभर लोक घरी बसले की पुढच्या खेपेला पंधरा-वीस जण ठराव करून मोकळे. महिलांची ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी भरवायची असते. ती झाली का, एवढं विचारलं तरी खळबळ होते.

जाताना एकच प्रश्न न्या आणि तो लहान ठेवा. 'विकास का होत नाही' यावर भाषणं होतात. 'मारुतीच्या मंदिरामागचा हातपंप कधीपासून बंद आहे आणि दुरुस्तीची नोंद कुठं आहे' याला उत्तर द्यावं लागतं. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, सभेच्या इतिवृत्तात तो आला का ते बघा. बोलताना आवाज चढला तर चढू द्या, समोरासमोर चढलेला आवाज उतरतोही. व्हिडिओ मात्र काढू नका. कॅमेरा दिसला की माणूस गावाशी बोलायचं सोडून ग्रुपशी बोलायला लागतो.

४. इतिहासावर भांडण्याआधी म्हाताऱ्यांना विचारा

मराठवाड्यातल्या ग्रुपवर १७ सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की इतिहासावरून हमरीतुमरी सुरू होते. १९४८ ला निजामाची राजवट गेली, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत आणि गावागणिक दोन-चारच उरलीत. सकाळचं झेंडावंदन झालं की त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचं ऐका आणि भारतीय सैन्य आलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांचंही ऐका, आणि ते हिंदू-मुसलमान दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐका. दोघांच्या आठवणी जुळतीलच असं नाही.

१९४८ फार लांब वाटत असेल तर १९७२ विचारा. तो दुष्काळ आठवणारे अजून भरपूर आहेत. बायकांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या, पोरांनी सुकडी खाल्ली. हे ज्या आजी सांगतात, त्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून आपण आज मोटारसायकल नेतो. त्याच दुष्काळी कामांतून पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. औसा-उमरग्याकडं असाल तर ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट विचारा. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. पन्नाशीतला माणूससुद्धा सांगेल, फक्त मधेच थांबला तर पुढचा प्रश्न लगेच टाकू नका.

'आजी, त्या साली कामावर मजुरी काय मिळायची?' असा नेमका प्रश्न विचारला की गोष्ट आपोआप सुटते. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. आणि ते ग्रुपवर टाकू नका, दोन मिनिटांचा तुकडा कापून कुणीतरी त्याचंच हत्यार करील.

५. येळवसला कुणाच्या तरी शेतात जा

लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या भागात हा रस्ता सगळ्यात सोपा. मार्गशीर्षातली ही अमावस्या, पुस्तकात वेळ अमावस्या. त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडवांची पूजा, ताकातली ज्वारीची आंबील, हिरवे हरभरे-तूर-वाटाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेनं चाललेल्या अनोळखी माणसालाही 'या, जेवून जावा' म्हणून हाक मारतात, आणि नाही म्हणणं चांगलं दिसत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या बांधावरून मुद्दाम जा. हाक येतेच. शेत नसलेल्यांनी लाजू नये, शहरातले निम्मे लोक त्या दिवशी दुसऱ्याच्याच रानात जेवतात.

बाकीच्या जिल्ह्यांत आपापली निमित्तं आहेत: पैठणची नाथषष्ठी, लोह्याजवळ माळेगावची खंडोबाची जत्रा, परभणीला तुराबुल हक यांचा उरूस. कुणाबरोबर जायचं ते आधी ठरवा, एकटं गेलं की फोनच सोबती होतो.

६. भांडण पारावर आलं तर

ते येणारच. ग्रुपवरचे तेच लोक संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यावर असतात. गेल्या काही वर्षांत गावागावांत जातीवरून मनं आंबली आहेत, ती चहानं लगेच गोड होतील अशी आशा मी दाखवणार नाही. इथं ओळखीच्या लोकांच्या जुन्या युक्त्या चालतात. 'तुमच्याकडं पाऊस किती झाला?' हा प्रश्न मराठवाड्यात कधीही, कुठंही विचारता येतो आणि उत्तर कधीच एका शब्दात येत नाही. कुणी मोबाईल पुढं करून 'हे बग, वाच' म्हणालं तर 'चष्मा घरी राहिला' म्हणायला हरकत नाही, वय कितीही असो. आणि जे बोलणं जिव्हारी लागलंय ते चार लोकांत न बोलता नंतर रस्त्यानं चालता चालता बोला. शेजारी चालताना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, ते बरं असतं.

७. पुण्यात राहत असाल तर

चाकण, हडपसर, वाघोलीत राहून गावाच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणारे आपणच असतो, हे गावातल्या कुणालाही विचारा. गाव डोळ्यांपुढं नसलं की त्याच्याबद्दल बोलायला जास्त जोर येतो. ऑनलाइन वर्गणी पाठवली की काम झालं असं वाटतं, पण वर्गणीच्या यादीतलं नाव आणि पहाऱ्याच्या यादीतलं नाव यांत फरक आहे. सप्ताहाच्या तारखा गावाला आधीच ठाऊक असतात. त्या विचारा, रजा टाका आणि यादी करणाऱ्याला फोन लावा. रात्री दोन ते चारचा पहारा बहुतेक रिकामाच असतो. तो मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.