परदेशात रस्ता ओलांडताना: मान, चाकं आणि समोरचा चालक

पासपोर्ट सांभाळा, पैसे सांभाळा असं मी सहलीच्या पहिल्या दिवशी सांगते तेव्हा सगळे कान देऊन ऐकतात. रस्ता कसा ओलांडायचा हे सांगायला लागले की चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतं, ‘एवढं तर आम्हाला येतंच की!’ साठ-पासष्ट वर्षं रस्ते ओलांडलेल्या माणसाला ते येतं, यात वादच नाही. पण ते अंगवळणी पडलेलं असतं एका ठरावीक रहदारीत. देश बदलला की गाड्यांची बाजू बदलते, चालक आपल्याकडून काय अपेक्षा करतो ते बदलतं, दिव्यांचे अर्थही थोडेफार बदलतात. सहल व्यवस्थापक म्हणून मी सगळ्या वयाच्या माणसांना घेऊन परदेशातली पुष्कळ शहरं पायी फिरते. मला सर्वात जास्त धास्ती हॉटेलसमोरच्या रस्त्याची असते. म्हणून गटाला जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी मान

ब्रिटन, आयर्लंड, जपान, सिंगापूर, थायलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे दुहेरी रस्त्यावर फुटपाथवरून उतरलात की पहिली गाडी उजवीकडून येणार. युरोपातले बाकीचे बहुतेक देश, अमेरिका, कॅनडा, चीन, व्हिएतनाम, आखाती देश इथे उलट, पहिली गाडी डावीकडून. वाचायला सोपं आहे, पण मान ऐकत नाही. पाय खाली पडायच्या आत ती जुन्या सवयीच्या बाजूला वळलेली असते, तिकडचा रस्ता मोकळा दिसतो आणि माणूस निघतो. लंडनमध्ये ठिकठिकाणी फुटपाथच्या कडेला, रस्त्यावरच, ‘उजवीकडे बघा’, ‘डावीकडे बघा’ असं ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं. जगभरातून आलेल्या माणसांची मान चुकीच्या बाजूला वळते हे त्या शहराला चांगलं ठाऊक आहे.

यावर उपाय एकच: कडेला दोन्ही पावलं टेकवून पूर्ण थांबायचं. चालता चालता बघायचं नाही. मग गाड्या उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात ‘डावी, उजवी, परत डावी’ असं तोंडाने म्हणत तसं बघायचं. मी हे मोठ्याने म्हणायला लावते. पहिल्या दिवशी लोकांना संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशी नातवंडं आजी-आजोबांकडून म्हणून घेतात. मधे दुभाजक असेल तर तिथे पुन्हा थांबा, कारण आता गाड्या दुसऱ्या बाजूने येणार. आणि रस्ता एकेरी वाटला तरी दोन्हीकडे बघा. युरोपातल्या कितीतरी एकेरी रस्त्यांवर बसला किंवा सायकलींना उलट दिशेने यायची मुभा असते.

पहिल्या दिवशी सगळे जपून असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सैल पडतात, तेव्हा जास्त लक्ष ठेवावं लागतं. लंडनहून युरोस्टार रेल्वेने पॅरिसला जाता तो दिवस तर फारच जपायचा. सुमारे सव्वादोन तासांत रहदारीची बाजू बदलते, डोकं सामानात गुंतलेलं असतं आणि स्टेशनाबाहेर पडताच समोर रस्ता येतो. तीच गोष्ट सहलीच्या बसची. बसमधून उतरून तिच्या पुढून पलीकडे जायचं नाही. बस निघून जाऊ द्या, रस्ता दिसू द्या, मग ठरवा.

गाडी थांबली, आता?

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर चालकाने थांबायचं, हा नियम बहुतेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये अशा क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब असतात आणि त्यांवर लुकलुकणारा पिवळा गोळा. त्याला बेलिशा बीकन म्हणतात, १९३४ साली वाहतूक मंत्री झालेल्या लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावावरून. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमपुस्तिकेत, बदल झाला. झेब्रावर पाऊल टाकलेल्या माणसाला वाट देणं आधीपासून बंधनकारक होतंच. आता कडेला थांबलेल्या माणसालाही वाट द्यावी असं त्यात आहे, आणि गाडी ज्या गल्लीत वळते आहे ती गल्ली ओलांडणाऱ्यालासुद्धा. स्वित्झर्लंडमध्ये झेब्राचे पट्टे पिवळे असतात आणि तिथे चालक खरोखर थांबतात.

आणि तिथेच आपल्या माणसांची पंचाईत होते. झुरिकला गटातल्या एक काकू पिवळ्या पट्ट्यांपाशी उभ्या होत्या. एक गाडी थांबली. काकूंनी भिडेने हात केला, तुम्ही जा. चालकाने मान हलवली आणि त्यांनाच हात केला. काकू एक पाऊल पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. त्याला वाटलं त्यांना जायचंच नाही, त्याने ब्रेक सोडला, आणि नेमक्या त्याच क्षणी काकू निघाल्या. गाडीचं नाक पट्ट्यावर येऊन थबकलं. कोणाला काही लागलं नाही. पलीकडे गेल्यावर काकू म्हणाल्या, “अगं, त्याला उगीच कशाला खोळंबून ठेवायचं?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही निघालात की तो लगेच मोकळा होतो. तुम्ही थांबलात की त्याला कळेनासंच होतं.”

गाडी थांबली, तर हात करून तिला पुढे घालवायचं नाही. चालकाकडे बघायचं, त्याची चाकं खरंच थांबलीत याची खात्री करायची आणि निघायचं. सरळ, एका चालीने. धावायचं नाही, मधेच मागे फिरायचं नाही. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा अंदाज बांधून चालक गाडी हाकतो. त्या अंदाजाला धक्का दिलात की त्याच्या हातात काही उरत नाही. आणि पलीकडे जायचं नसेल तर झेब्राच्या तोंडाशी नकाशा उघडून उभं राहू नका. गाड्या तुमच्यासाठी थांबत राहतात.

नुसती नजरानजर झाली म्हणून विसंबू नका. ब्रिटिश हायवे कोडच्या हिशेबाने ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला थांबायला २३ मीटर लागतात, सहा गाड्यांची लांबी भरेल इतके. वेग ताशी २० मैल असेल तर १२ मीटर. चालकाचं मन कितीही चांगलं असलं तरी हे अंतर कमी होत नाही, आणि ओल्या रस्त्यावर ते वाढतं. म्हणून डोळ्यांआधी चाकं बघा.

आता यातली सर्वात फसवी जागा. रस्त्याला एकाच दिशेच्या दोन मार्गिका आहेत. जवळच्या मार्गिकेतली गाडी तुमच्यासाठी थांबली, तुम्ही निघालात. शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, कारण मधे ही थांबलेली गाडी आहे. ती मोठी व्हॅन असेल तर तुम्हालाही तो दिसत नाही. अमेरिकेतल्या रुंद रस्त्यांवर हे फार होतं. थांबलेल्या गाडीसमोरून चालत जा, पण तिची कड संपते तिथे थांबा, डोकं पुढे काढून पलीकडची मार्गिका बघा आणि मगच पुढे व्हा. मागचा कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. गटातल्या प्रत्येकाकडून मी हे एकदा तरी प्रत्यक्ष करून घेते, नुसतं सांगून भागत नाही.

हिरवा माणूस पेटला तरी

सिग्नलला हिरवा माणूस दिसला म्हणजे सगळ्या गाड्या थांबल्या असं नाही. जर्मनीत आणि इतर अनेक देशांत तुम्हाला हिरवा असताना तुमच्या रस्त्यात वळणाऱ्या गाडीलाही हिरवाच असतो. तिने तुम्हाला वाट द्यायची असते आणि बहुतेक चालक देतात. तरी वळणाऱ्या गाडीकडे खांद्यावरून एकदा बघून घ्या.

अमेरिकेत याहून एक पायरी पुढे आहे. तिथे लाल दिवा असतानाही थांबून, बघून उजवीकडे वळायची परवानगी जवळपास सगळीकडे असते. न्यूयॉर्क शहरात मात्र खास पाटी असल्याशिवाय नसते. असा वळणारा चालक काय करतो ते बघा: गाड्या डावीकडून येतात, म्हणून त्याचं डोकं डावीकडे वळलेलं असतं. तुम्ही त्याच्या उजवीकडून पट्ट्यांवर उतरता. मोकळी जागा दिसली की तो पाय दाबतो आणि मग पुढे बघतो. म्हणून त्याचा चेहरा तुमच्याकडे वळेपर्यंत त्याच्या गाडीसमोर पाऊल टाकू नका, तुमचा दिवा कितीही पेटलेला असो. तिथे चालायची खूण म्हणजे पांढरा चालता माणूस. नारिंगी पंजा लुकलुकायला लागला आणि आकडे उतरायला लागले की नव्याने निघायचं नसतं. जे आधी निघालेत त्यांनी पूर्ण करायचं. मधेच दिवा बदलला म्हणून परत फिरणं हे सगळ्यात वाईट.

बटण दिसलं तर दाबा. कितीतरी ठिकाणी ते दाबल्याशिवाय तुमची पाळी येतच नाही. ब्रिटनमधल्या पफिन क्रॉसिंगवर हिरवा माणूस पलीकडे नसतो, तुमच्याच बाजूला बटणाच्या पेटीवर असतो. पाहुणे समोर टक लावून बसतात आणि दिवा येऊन जातो. त्या पेटीच्या खाली बोटांनी चाचपून बघा, बऱ्याच ठिकाणी एक छोटा शंकू असतो. हिरवा पेटला की तो फिरतो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. नजर अधू असलेल्या आजोबांना मी तो आवर्जून दाखवते.

कागद आणि रस्ता

दंडाचं थोडक्यात. सिंगापूरमध्ये क्रॉसिंगपासून ५० मीटरच्या आत भलतीकडून रस्ता ओलांडणं गुन्हा आहे. जर्मनीत लाल दिव्यात चालल्यास पादचाऱ्याला ५ युरो दंड होतो, पण लहान मुलं बघत असतील तर आजूबाजूचे लोक त्याआधीच सुनावतात. दुबईत जिथे वाटेल तिथून रस्ता ओलांडू नका, तिथे हे फार गंभीरपणे घेतात.

चालकांचं मात्र प्रत्येक देशात वेगळं. नियम तोच असतो, पाळणं वेगळं. जपानमध्ये सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर थांबणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी २०१८ मध्ये जपान ऑटोमोबाईल फेडरेशनने पाहणी केली तेव्हा जेमतेम ८.६ टक्के गाड्या थांबल्या. त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ सुधारलं आहे. फ्रान्समध्ये पादचाऱ्याला वाट न देणाऱ्या चालकाला १३५ युरो दंड आणि परवान्यावरचे ६ गुण वजा अशी शिक्षा आहे, तरी पॅरिसमध्ये प्रत्येक गाडी थांबेल असं धरून चालू नका. म्हणून नव्या शहरात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं हॉटेलजवळच्या क्रॉसिंगवर नुसतं उभं राहून बघा. गाड्या किती लांबून वेग कमी करतात? स्थानिक म्हातारी माणसं कधी निघतात? कॉलेजच्या पोरांकडे बघून शिकू नका, त्यांचे पाय वेगळे.

हनोईमध्ये ही दहा मिनिटं वीस करा. तिथे मोटारसायकलींचा लोंढा थांबत नाही, तो तुमच्या दोन्ही अंगांनी वाहून जातो. हळू, एकसारखी पावलं टाकत राहायचं, थांबायचं नाही, धावायचं नाही. पण हे फक्त दुचाकींना लागू आहे. मोटार किंवा बस तुम्हाला वळसा घालून जाऊ शकत नाही, ती आधी जाऊ द्यायची. जमत नसेल तर ओलांडणाऱ्या एखाद्या स्थानिक बाईच्या शेजारी चाला, गाड्या येतात त्याच्या पलीकडच्या अंगाला.

सायकली आणि ट्राम यांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्या कानाला कळत नाहीत. ॲम्स्टरडॅममध्ये लालसर डांबराची पट्टी दिसली की तो सायकलींचा रस्ता, फोटो काढायची जागा नव्हे. तो ओलांडताना रस्त्याइतकंच दोन्हीकडे बघा. ट्रामला पटकन थांबता येत नाही, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर सिग्नल नसलेल्या झेब्रावरही पहिला हक्क ट्रामचाच असतो.

गटाने जाताना

वीस माणसं म्हणजे एक गाडी नव्हे. मी झेंडा घेऊन पलीकडे गेले की मागचे चौघे-पाचजण दिवा बदलला तरी पळत सुटतात, चुकामूक होईल या भीतीने. म्हणून आधीच सांगून ठेवते: मागे राहिलात तर पुढच्या हिरव्याची वाट बघा, मी हलणार नाही. जोडीदार पलीकडे आणि आपण अलीकडे असलो तरी तेच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी अर्धा उरलेला हिरवा पकडायचाच नाही, नवा हिरवा लागला की पहिल्या क्षणाला निघायचं.

थंडीच्या दिवसांत जॅकेटची टोपी रस्ता ओलांडताना मागे सारा, तिच्यामुळे दोन्ही बाजूंचं दिसत नाही. उत्तर युरोपात डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधारून येतं आणि सगळ्यांचे कोट काळे. फिनलंडमध्ये अंधारात पायी चालणाऱ्यांनी प्रकाश परावर्तित करणारा रिफ्लेक्टर लावावा असा नियमच आहे. हे छोटे लटकते तुकडे असतात. जॅकेटला खाली, गुडघ्याच्या उंचीला येईल असा लटकवा, कारण गाडीच्या दिव्यांचा झोत खालीच पडतो.

एवढं करूनही एखादी गाडी किंवा सायकल घासून गेली, तर ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठून चालू लागू नका. आधी रस्त्यातून बाजूला व्हा आणि बसा. उठवत नसेल तर कोणी हलवण्याची घाई करू नये. गाडीचा नंबर टिपा किंवा फोटो काढा. तातडीच्या मदतीचे फोन नंबर असे: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. पोलिसांकडे नोंद करायला सांगा, विम्याच्या दाव्याला ती लागते. आणि सहल व्यवस्थापकाला लगेच फोन करा, संध्याकाळी जेवताना सांगू म्हणून थांबू नका. डोक्याला लागलेलं कधी कधी तासाभराने कळतं.