रिचार्ज, ओटीटी, तिकीट आणि टीव्हीचे दर बदलतात तेव्हा काय करावे

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी मोबाइलचे दर साधारण ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबी देणारा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ रुपयांवर गेला. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात काही दिवस मिळाले होते, त्यामुळे अनेकांनी जुन्या दरातच मोठ्या मुदतीचे रिचार्ज उरकून घेतले. काहींनी दर न वाढवलेल्या बीएसएनएलची वाट धरली आणि त्या एकाच महिन्यात तिला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले. मात्र नोव्हेंबरपर्यंत तिचीही ग्राहकसंख्या पुन्हा घटू लागली. बाकीच्या बहुसंख्यांनी नवा दर निमूट भरला. या तिन्ही प्रतिक्रिया आपापल्या जागी योग्य ठरू शकतात, पण आपल्या घराला त्यांपैकी कोणती परवडते हे वाढीच्या बातमीवरून नव्हे, तर वर्षभराच्या खर्चावरून आणि प्रत्यक्ष वापरावरून ठरवायला हवे.

म्हणून पहिले काम हिशेबाचे. प्रत्येक प्लॅनची किंमत त्याच्या दिवसांनी भागावी. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षात तो तेरा वेळा भरावा लागतो. २९९ रुपयांच्या दराने ही रक्कम ३,८८७ रुपये होते, म्हणजे रोजचे सुमारे १० रुपये ६८ पैसे. त्याच दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ रुपयांना होता, म्हणजे दिवसाला सुमारे साडेनऊ रुपये. एका फोनमागे वर्षाला सव्वाचारशे आणि चार फोनांच्या घरात सतराशे रुपयांचा हा फरक आहे. मोठी मुदत घेताना एवढे लक्षात ठेवावे की मध्येच कंपनी बदलली, तर उरलेले दिवस वाया जातात. ज्यांना पगाराच्या तारखेशी रिचार्ज जुळवायचे आहे त्यांनी ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन मागावा. असा किमान एकेक प्लॅन ठेवणे ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामक संस्थेने, २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

दुसरे काम गरज तपासण्याचे, आणि येथेच घराघरांत सर्वाधिक पैसा वाया जातो असे माझे मत आहे. आई-वडील फक्त बोलण्यासाठी फोन वापरतात, घरी वायफाय असते, तरीही त्यांच्या क्रमांकावर रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन चालू असतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमात बदल करून केवळ कॉल आणि एसएमएस देणारे, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे प्लॅन ठेवायला सांगितले आणि जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. ॲपमध्ये ते पटकन नजरेस पडले नाहीत, तर दुकानदाराला नेमके ‘डेटा नसलेला प्लॅन’ असे विचारावे.

कंपनी बदलायचीच असेल तर रागाच्या भरात बदलू नये. बीएसएनएलचे ४जी जाळे २०२४ मध्ये सर्वत्र पोहोचलेले नव्हते, आणि तिच्याकडचा ओघ आटण्यामागे हे मोठे कारण असावे. नव्या कंपनीचे दुसरे सिम घेऊन ते महिनाभर चालवावे. घरातल्या आतल्या खोलीत, कामाच्या जागी, लोकलच्या किंवा एसटीच्या प्रवासात आणि गावाकडे नेटवर्क कसे मिळते ते पाहावे. समाधान झाले की ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून आपला क्रमांक टाकून १९०० वर एसएमएस पाठवावा आणि आलेला कोड नव्या कंपनीला द्यावा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. बदलाच्या वेळी फोन काही काळ बंद राहतो, त्यामुळे बँकेचा ओटीपी लागणारे काम त्या दिवशी ठेवू नये.

ओटीटीच्या बाबतीत दर सरळ दिसत नाही, म्हणून येथे जास्त सावध राहावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणि बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ रुपयांवर आणला. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ रुपये झाली. हे बदल तरी उघड होते. जून २०२५ मध्ये मात्र प्राइम व्हिडिओवर वर्गणी तीच राहून जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील, तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरावे लागू लागले. ही दरवाढच आहे, आणि तिची नोंद दरवाढ म्हणूनच घ्यावी. किती पडद्यांवर पाहता येते, चित्राचा दर्जा कोणता मिळतो, घराबाहेरच्या नातेवाइकाला तेच खाते चालते का, हे सगळे किमतीचेच भाग आहेत.

उपाय साधा आहे. गेल्या दोन महिन्यांत घरात कोणत्या सेवेवर काय पाहिले ते कागदावर लिहावे. जिथे एखादीच मालिका पाहिली असेल, तिथे वार्षिक वर्गणी न भरता एका महिन्याची घ्यावी, मालिका संपवावी आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सेवेकडे वळावे. रिचार्जसोबत किंवा ब्रॉडबँडसोबत एखादे ओटीटी आधीच मिळत असेल, तर त्याचे पैसे दुसऱ्यांदा जात नाहीत ना, हे पाहावे. फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची, परवानगी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती न वाचता पुसून टाकणे महागात पडते, कारण बदललेली रक्कम बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसते.

चित्रपटगृहांचे दर वारावर आणि खेळाच्या वेळेवर ठरतात. २३ सप्टेंबर २०२२ या राष्ट्रीय चित्रपट दिनी ७५ रुपयांच्या तिकिटाने देशभर गर्दी खेचली होती, यावरून दर उतरला की प्रेक्षक येतो हे दिसलेच. एरवी सकाळचा किंवा आठवड्याच्या मधल्या दिवसाचा खेळ निवडावा, आणि चौघांचे तिकीट असेल तर ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क वाचवण्यासाठी खिडकीवर काढावे.

टीव्हीसारख्या मोठ्या खरेदीत करकपातीचा अर्थ नीट लावावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे किंमत दहा टक्क्यांनी उतरेल अशी अनेकांची समजूत होते. पण १२८ रुपयांची वस्तू ११८ रुपयांना मिळणे म्हणजे सुमारे ७.८ टक्के घट. ४०,००० रुपयांचा टीव्ही ३६,८७५ रुपयांना मिळाला, तर कपातीचा पूर्ण लाभ पोहोचला असे समजावे. मोबाइलवरचा १८ टक्के कर तसाच राहिला, म्हणून त्यासाठी थांबलेल्यांना करातून काही मिळाले नाही. बिनव्याजी हप्त्यांवर घेताना रोखीची किंमत आधी विचारावी, कारण व्याज सवलतीच्या रूपाने वळते केले, तरी प्रक्रिया शुल्क आणि त्या व्याजावरचा जीएसटी ग्राहकाकडूनच घेतला जातो.

पैसे भरताना शेवटच्या पानावर रक्कम अचानक वाढली, न मागितलेली वस्तू यादीत आली किंवा वर्गणी बंद करण्याचा मार्गच सापडला नाही, तर ती फसवी रचना ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. सुरुवातीच्या आणि अखेरच्या रकमेचे स्क्रीनशॉट ठेवावेत, आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तोच तपशील द्यावा.