छोटी इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेताय? या चुका टाळा

टाटा टियागो ईव्ही किंवा एमजी कॉमेट ईव्ही लीजवर, म्हणजे ठरावीक काळासाठी भाड्याने, घ्यायचं घरात ठरलं की पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती?" हप्त्याचा आकडा विचाराच, पण तो जीएसटीसह आहे का, त्यात विमा, सर्व्हिसिंग आणि टायर धरलेत का, डिपॉझिट किती आणि ते कधी परत मिळणार, हेही विचारा. त्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करता येत नाही. उत्तरं ईमेलवर घ्या. फोनवर दिलेला शब्द करारात नसेल तर पुढे कामाला येत नाही.

किलोमीटरचा हिशोब न करणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. समजा, करारात महिन्याला १,००० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तुमचं हडपसर ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं साधारण ६० किलोमीटर आहे. महिन्याचे २२ दिवस धरले तर ऑफिसचेच १,३२० झाले. जादा किलोमीटरला ८ रुपये दर असेल, तर दरमहा २,५६० रुपये वरचे. रविवारी जेजुरीला जाऊन आलात तर ते अजून यात आलेलंच नाही. अशा माणसाने कमी मर्यादेची स्वस्त लीज घेऊच नये. सध्याची गाडी किंवा दुचाकी वर्षभरात किती फिरली ते ओडोमीटरवर बघा आणि मग मर्यादा निवडा. ही मर्यादा दर महिन्याला मोजतात की वर्षाच्या शेवटी, हेही विचारा. मे महिन्यात गावाकडे जादा फिरणं होतं, पावसाळ्यात कमी. वार्षिक मोजणीत ते आपोआप जुळतं, म्हणून वार्षिकच मागावी असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी विकत आणि फक्त बॅटरी भाड्याने घ्यायची योजना हा वेगळा प्रकार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट अशीच ४.९९ लाख रुपये, अधिक किलोमीटरला २.५० रुपये या दराने जाहीर झाली होती. अनेकांना वाटतं, या अडीच रुपयांत वीजही आली. तसं नाही. ते फक्त बॅटरीचं भाडं असतं, चार्जिंगचं बिल वेगळं येतं. शिवाय करारात किमान किलोमीटरची अट असेल, तर गाडी महिनाभर उभी राहिली तरी तेवढे पैसे भरावेच लागतात. ज्यांचं फिरणं जेमतेम भाजी, शाळा आणि स्टेशनपुरतं आहे, त्यांनी ही अट आधी शोधावी.

जाहिरातीतल्या रेंजवर विसंबणं

कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे, टियागो ईव्ही बाजारात आली ती १९.२ आणि २४ अशा दोन पर्यायांत. शहरात फिरायला या बॅटऱ्या पुरेशा आहेत. पण चाचणीतली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, एसी लावून चार माणसं आणि सामान घेऊन मिळत नाही. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात. दर आठवड्याला मुंबई-पुणे करणार असाल तर सर्वांत लहान बॅटरी घेऊ नका, आणि निवडलेल्या मॉडेलला डीसी फास्ट चार्जिंग (वाटेतल्या चार्जिंग स्टेशनवर झटपट चार्ज होण्याची सोय) आहे का ते पाहा. कॉमेट आली तेव्हा तिला ते नव्हतं.

चार्जिंगची सोय नंतर बघू म्हणणं

लीज सुरू झाली की हप्ता थांबत नाही, सोसायटीची परवानगी मिळो न मिळो. त्यामुळे पार्किंगमधला पॉइंट, मीटर आणि सोसायटीचं पत्र सहीच्या आधी.

पॉइंट बसवला आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतोय, ही तक्रार फार ऐकू येते. लगेच गाडीला दोष देऊ नका. जुन्या इमारतींत अर्थिंग कमकुवत असतं आणि ते नीट नसेल तर चार्जर सुरक्षेसाठीच बंद पडतो. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. घरातलं एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच वापरू नका. सव्वातीन किलोवॅटच्या आसपासचा भार रात्रभर चालतो, त्यात साधा प्लग वितळू शकतो.

बाहेर पडण्याची कलमं न वाचणं

नोकरीच्या कंपनीमार्फत लीज घेतली आणि नोकरी बदलली तर? करारानुसार गाडी परत करून दंड भरावा लागतो, उरलेली रक्कम भरून ती स्वतःच्या नावावर करावी लागते, किंवा नव्या कंपनीने लीज स्वीकारावी लागते. नवी कंपनी तयार होईलच असं नाही. दोन वर्षांत नोकरी बदलायचा विचार मनात असेल तर चार वर्षांची लीज घेऊ नका, पगारातली करबचत कितीही आकर्षक वाटली तरी.

पावसाच्या पाण्यात किंवा अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तर विम्याची रक्कम आणि लीजची बाकी यांतला फरक कोण भरणार, हे लेखी घ्या. बॅटरी पॅक आणि चार्जर विम्यात आहेत का, तेही. आणि आरसी बघा. परराज्यात नोंदलेली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. तो खर्च आणि आरटीओची धावपळ कोणाकडे, ते ठरवून घ्या.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, सीट, दोन्ही किल्ल्या आणि चार्जिंग केबल यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. परत करताना ओरखड्यांवरून वाद होतात, आणि हरवलेल्या केबलचे पैसे तर डिपॉझिटमधूनच कापले जाऊ शकतात.