धंद्याच्या कमाईचं रिटर्न भरताना या चुका टाळा

पुण्यात बुधवार पेठेत धंदा, म्हणजे देहविक्रय, करणाऱ्या बायकांची आयकर रिटर्नं मी भरते. जून उजाडला की तेच प्रश्न, तेच अर्धवट कागद आणि त्याच चुका पुन्हा समोर येतात. यातल्या बऱ्याचशा चुका बायकांच्या नसतातच. ‘ताई, पाचशे द्या, करून टाकतो’ म्हणणाऱ्या एजंटांच्या असतात, आणि निस्तरायला मात्र बाई एकटी उरते. राग येतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. खालचे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, तरी या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचं आहे.

‘आमची कमाई कुठे कागदावर दाखवतात का?’

दाखवतात. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला वस्तीत सगळे पिटा म्हणतात, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दुसरीच्या अशा कमाईवर जगणं आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं. आयकर कायदा कमाईला कमाई म्हणूनच बघतो.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?’

नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीने हा सगळा कर शून्यावर येतो. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं सक्तीचं आहे, कर शून्य असला तरी. ‘कर नाही’ आणि ‘रिटर्न नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेतीचं उत्पन्न दाखवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा लांब लिहिते.

चाळिशी ओलांडलेल्या एक ताई होत्या. कित्येक वर्षांची साठवण खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवलेली. शहराबाहेर वन रूम किचन घ्यायचं ठरलं, तेव्हा ती सगळी रोकड त्यांनी एकाच वर्षात बचत खात्यात भरली, ११ लाखांच्या वर. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ते आयकर खात्याला कळवते. तुमच्या पॅनवर जे वार्षिक माहिती विवरण असतं, एआयएस, त्यात तो आकडा जाऊन बसतो.

एजंटने रिटर्नमध्ये धंद्याचं नावच काढलं नव्हतं. ‘लाजेची गोष्ट कशाला लिहायची’ म्हणत त्याने मिळकत शेतीची दाखवली. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे खरं, पण त्यासाठी शेत लागतं. नोटीस आली आणि खात्याने सातबारा, पीकपेरा, बाजार समितीतली आडत्याची पट्टी मागितली. जमीन वडिलांची. ती भावांनी वाटून घेतलेली. ताईंचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलंच नव्हतं. एजंटने फोन उचलणं बंद केलं.

रोकड कुठून आली हे पटवून देता आलं नाही तर कलम ६९ए लागतं. त्या वर्षाच्या कायद्याप्रमाणे अशा रकमेवर ६० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, मिळून ७८ टक्के. म्हणजे ११ लाखांतले साडेआठ लाख जाण्याची पाळी. तेवढीच कमाई दर वर्षी खरीखरी दाखवली असती, तर कर लागलाच नसता किंवा अगदी किरकोळ लागला असता.

आम्ही उत्तरात सरळ लिहिलं की ही देहविक्रयातून आलेली स्वतःची मिळकत आहे, इतक्या वर्षांत साठवलेली. पुरावा म्हणून काय होतं? एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या भिशीच्या वह्या निघाल्या. दर महिन्याचा हप्ता, पुढे अंगठे आणि सह्या, कुठे कुठे चहाचे डाग. त्या वह्यांनीच वाचवलं. बरीच रक्कम मान्य झाली, उरलेलीवर कर आणि व्याज बसलं. घराचा सौदा मात्र तोवर हातचा गेला होता. आणि ज्या लाजेपायी एवढं खोटं लिहिलं, ती वेळ आलीच नाही. हे कामकाज ऑनलाइन चालतं, समोर अधिकारी बसून तोंडाकडे बघत नाही.

शेतीच्याच जातीची आणखी दोन खोटी असतात. एक शिवणकाम. दुसरं ‘मालकाने भेट दिली’. मालक म्हणजे वस्तीच्या भाषेत बाईचा जोडीदार. नातेवाईक नसलेल्या माणसांकडून वर्षात ५० हजारांच्या वर पैसे भेट म्हणून आले तर ते करपात्र असतात, आणि लग्न न केलेला मालक कायद्याने नातेवाईक नाही. मी फॉर्ममध्ये व्यवसायाचा कोड ‘इतर सेवा’ या गटातला निवडते. हे खोटं नाही आणि पुरेसं आहे. कुठल्या गल्लीत बसता, कुठल्या घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे, हे फॉर्म विचारतच नाही.

रोकडीचं म्हणाल तर दर आठवड्याला थोडी थोडी भरत जा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी सोमवार लावून दिला आहे, कारण शनिवार-रविवारच्या कमाईनंतर तो सोयीचा पडतो. पेटीत वर्षानुवर्षं ठेवून एकदम भरलेला पैसा खरा असला तरी कागदावर संशयित दिसतो.

‘आठ टक्के दाखवा, काम खतम’

हे व्हिडिओ बघून आलेल्यांचं आवडतं वाक्य. कलम ४४एडी प्रमाणे छोट्या व्यावसायिकाला हिशोबाची पुस्तकं न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो. रोख जमेवर ८ टक्के, ऑनलाइन आलेल्या जमेवर ६ टक्के. पण हे आकडे ‘किमान’ आहेत. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो.

साधा हिशोब बघा. वर्षाची जमा ९ लाख. खोलीचं भाडं, घरवालीचा हिस्सा, दवाखाना, जाणं-येणं जाऊन हातात राहिले ५ लाख. आठ टक्क्यांनी दाखवले ७२ हजार. त्याच वर्षी बँकेत ३ लाखांची एफडी केली. ७२ हजारांत घर चालवून ३ लाख शिल्लक पडतात कशा? याला उत्तर नाही. त्याऐवजी ५ लाख दाखवा. वरच्या १ लाखावर ५ टक्क्यांनी ५ हजार कर निघतो आणि ८७ए ने तोही शून्य होतो. म्हणजे खरं लिहायला एक रुपया खर्च नाही, शिवाय पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जाला ५ लाखांचं रिटर्न कामाला येतं, ७२ हजारांचं येत नाही. एवढं सोपं असूनही लोक शॉर्टकट मारतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एरवी ४४एडी आपल्यासाठी सोयीचंच आहे. खर्चाच्या पावत्या इथे मिळतच नाहीत. खोलीचा मालक भाड्याची पावती देणार नाही, कारण कुंटणखान्यासाठी जागा दिली म्हणून पिटाखाली तोच अडकेल. म्हणून पावत्यांमागे धावू नका, वही ठेवा. तारीख, आलेले पैसे, घरवालीला दिलेले, हातात राहिलेले. चार रकाने, रोज रात्री दोन मिनिटं. अधियावर, म्हणजे अर्ध्या वाटणीवर, बसत असाल तरी पूर्ण रक्कम आणि तुमचा अर्धा, दोन्ही लिहा. गिऱ्हाईकाचं नाव किंवा नंबर मात्र वहीत कधीही लिहू नका.

पासवर्ड दुसऱ्याच्या हातात

आयकर पोर्टलवर एजंट स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकतात, ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून. मग नोटीस येते ती त्याच्याकडे. मुदत संपते तीही त्याच्याकडेच, आणि बाईला पत्ता नसतो. याहून वाईट म्हणजे तिचं खरं नाव, गावचा पत्ता, बँकेतला आकडा आणि ती काय काम करते, हे सगळं एका माणसाकडे जमा होतं. गावाकडे कळवीन असं सांगून दर वर्षी वाढीव पैसे उकळणारा एजंट मी पाहिला आहे. ती बाई तीन पिढ्यांचं घर चालवत होती आणि घरी ती हॉस्पिटलात कामाला आहे असं माहीत होतं.

मी फॉर्म भरते तेव्हा मोबाईल बाईच्याच हातात असतो. ओटीपी तीच वाचून दाखवते. वाचता येत नसेल तर तिची मुलगी किंवा शेजारची मैत्रीण जवळ बसते. वेळ लागतो, लागू दे. ज्याला एवढा धीर नाही, त्याने हे काम करू नये. पासवर्ड आधीच कुणाकडे गेला असेल तर पॅनला जोडलेल्या आधारच्या ओटीपीने तो आजच बदलता येतो, आणि प्रोफाइलमध्ये मोबाईल, ईमेलही आपला टाकता येतो.

मालकाच्या क्यूआर कोडवर पैसे घेणं

कारण मला कळतं. आपल्या क्यूआरवर बँकेतलं खरं नाव दिसतं आणि ते नव्या गिऱ्हाईकाला कळू नये असं वाटणं रास्त आहे. पण मालकाच्या खात्यात गेलेला पैसा कागदावर त्याचा होतो. भांडण झालं की तो गेला. नव्याकडून रोख घ्या, जुन्या ओळखीच्याकडूनच स्वतःच्या क्यूआरवर घ्या.

बाकीच्या

पॅन काढताना धंद्यातलं नाव देऊ नका. आधारवर आहे तेच द्या, नाहीतर जोडणी अडकते.

राहण्याचा पुरावा नाही म्हणून आधार नाही, ही सबब आता चालवून घेऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या १९ मे २०२२ च्या आदेशानंतर नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधार मिळतं, आणि आधारवर धंद्याची कुठलीही खूण असता कामा नये असंही कोर्टाने बजावलं आहे.

कर्जासाठी फुगवलेलं रिटर्न भरायचं आणि तहसीलदाराकडून कमी उत्पन्नाचा दाखला काढायचा, हे एकत्र करू नका. लाडकी बहीण योजनेची मर्यादा कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे. खरी कमाई त्यावर असेल तर रिटर्न न भरल्याने तुम्ही पात्र होत नाही.

३१ ऑगस्ट २०२६ च्या आत भरा. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १ हजार आणि त्यावर ५ हजारांपर्यंत दंड लागतो.

आणि भरून झाल्यावर उठून जाऊ नका. रिटर्न ई-व्हेरिफाय, म्हणजे हे मीच भरलं असं पोर्टलवर पक्कं, ३० दिवसांत केलं नाही तर ज्या दिवशी कराल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि केलंच नाही तर रिटर्न भरलेलंच धरत नाहीत. आधारच्या ओटीपीने ते तिथल्या तिथे होतं. पोचपावतीची प्रिंट काढून बँकेच्या पासबुकात घालून ठेवा.