ऑटोमेटेड डिप्लॉयमेंटमध्ये ड्राइव्ह लेटरचा घोळ: या चुका टाळा

नाशिकचं सातपूर असो, अंबड असो, सिन्नर असो की गंगापूर रोडवरच्या कॉलेजांच्या लॅब, डिप्लॉयमेंट, म्हणजे बऱ्याच मशीनवर स्क्रिप्टने विंडोज टाकण्याचं काम, बिघडलं की फोनवर त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. "सर, विंडोज डी ड्राइव्हवर जाऊन बसलं." "सर, सी दिसतोय, पण आत काहीच नाही." "सर, पेनड्राइव्हच पुसला गेला." टूल वेगवेगळं असतं. कुणी मायक्रोसॉफ्टचं एमडीटी वापरतं, कुणी त्यांचंच कॉन्फिगरेशन मॅनेजर, कुणी साधी बॅच फाइल, म्हणजे ओळीओळीने कमांड लिहिलेली फाइल. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: ड्राइव्हच्या अक्षरावर आंधळा विश्वास.

आधी एवढं पक्कं करून घ्या. डिप्लॉयमेंट सुरू होतं विंडोज पीईमध्ये, म्हणजे इन्स्टॉलेशनसाठीच्या छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये. ते स्वतः रॅममध्ये चालतं आणि स्वतःला एक्स हे अक्षर घेतं. बाकीची अक्षरं ते त्या क्षणी जे हार्डवेअर सापडेल त्याला वाटतं. सी अक्षर तुमच्या एसएसडीला मिळेल, पेनड्राइव्हला मिळेल, नाहीतर जुन्या डिस्कवरच्या शंभर एमबीच्या सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशनलाही मिळेल. रीस्टार्ट झालं की हे सगळं वाटप पुसलं जातं. बसलेलं विंडोज आपली अक्षरं स्वतःच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात), माउंटेड डिव्हायसेस या कीमध्ये, वेगळी लिहून ठेवतं. पीईमधला सी आणि नंतरचा सी यांचा काहीही संबंध नसतो. ही गोष्ट डोक्यात बसली की खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

डिस्क झिरो म्हणजे आपलीच डिस्क, असं धरून चालणं

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण यात लोकांचा डेटा जातो.

शहरातल्या एका कॉलेजची लॅब. पन्नासेक मशीन, सगळ्यांत विंडोज नव्याने टाकायचं. मशीन दोन लॉटमधली, मदरबोर्ड वेगळे. एका लॉटमध्ये फक्त एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी. दुसऱ्यात एनव्हीएमई होतीच, शिवाय जुन्या मशीनमधून काढून लावलेली एक टीबीची साटा (जुन्या जोडणीची) हार्डडिस्क, आणि तिच्यावर शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट. काम घेतलेला पोरगा कष्टाळू होता. व्हिडिओ बघून त्याने डिस्कपार्टची, म्हणजे डिस्कची मांडणी करणाऱ्या विंडोजच्या टूलची, स्क्रिप्ट लिहिली: सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी (नव्या पद्धतीची पार्टिशनची मांडणी), आणि पुढे पार्टिशन. पहिल्या लॉटमधल्या एका मशीनवर चालवून पाहिली, छान चालली. मग सगळ्या लॅबला एकदम लावून दिली आणि जेवायला गेला.

दुसऱ्या लॉटच्या बोर्डवर साटा डिस्कचा नंबर शून्य होता आणि एनव्हीएमईचा एक. स्क्रिप्टने सांगितलं ते इमाने केलं. प्रोजेक्टवाली डिस्क साफ झाली आणि तिच्यावर विंडोज बसलं. काही मशीन चालू केल्यावर एनव्हीएमईवरचं जुनंच विंडोज उघडलं. त्याला वाटलं, स्क्रिप्ट चाललीच नाही. म्हणून त्याने ती परत चालवली.

मला बोलावलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. लॅबचे सर दारात उभे होते. पोरगा एकच वाक्य घोकत होता, "सर, लिस्टमध्ये डिस्क झिरोच होती ना." होती. पण कोणती डिस्क, हे त्याने पाहिलंच नव्हतं. लिस्ट डिस्क या कमांडमध्ये समोर आकार लिहिलेला असतो. ९३१ जीबी आणि ४७६ जीबी यांतला फरक कळायला कुठला कोर्स लागत नाही.

नुसतं क्लीन केलं की पार्टिशनची नोंद जाते, खालचा डेटा लगेच जात नाही. तिथेच थांबला असता तर बरंच परत मिळालं असतं. पण वर नवं पार्टिशन, क्विक फॉरमॅट आणि विंडोजची अख्खी इमेज, म्हणजे तयार करून ठेवलेली प्रत, उतरली होती. डिस्कच्या सुरुवातीच्या भागातलं काहीच हाती लागलं नाही. पुढच्या भागातल्या फाइली रिकव्हरीत आल्या, पण नाव-गाव नसलेल्या. मुलं कितीतरी दिवस एकेक फाइल उघडून आपलं काय ते शोधत बसली होती. सबमिशन तोंडावर होतं. त्या मुलांचा यात काय दोष होता?

माझी सवय सांगतो. डिस्क नंबराने निवडायची नाही, ओळखीने निवडायची. पीईच्या इमेजमध्ये पॉवरशेल आणि स्टोरेज डब्ल्यूएमआय हे जादा घटक, त्यांना लागणाऱ्या बाकीच्या घटकांसकट, टाकून ठेवा, म्हणजे डिस्कची माहिती देणारी गेट-डिस्क ही कमांड चालते. त्यात बस टाइप दिसतो: एनव्हीएमई, साटा, यूएसबी. माझी स्क्रिप्ट यूएसबी वगळते, एनव्हीएमई शोधते, आणि नेमकी एकच सापडली तरच पुढे जाते. एकही सापडली नाही किंवा दोन सापडल्या, तर लाल अक्षरात सांगते आणि थांबते. सापडलेला नंबर मग डिस्कपार्टला द्यायचा. एमडीटी किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर असेल तर ओएसडीडिस्कइंडेक्स या व्हेरिएबलमध्ये भरायचा. आणि नव्या मॉडेलच्या पहिल्या मशीनवर क्लीनच्या आधी पॉज ठेवायचा. स्क्रीन वाचायची, मगच एंटर. हा अर्धा मिनिट ज्यांना जड जातो, त्यांच्या हातात मी डिप्लॉयमेंटचा पेनड्राइव्ह देत नाही.

याच चुकीचं दुसरं रूप नव्या लॅपटॉपवर दिसतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच मॉडेलमध्ये व्हीएमडी, म्हणजे एसएसडीची जोडणी सांभाळणारी इंटेलची सोय, चालू असतं. त्याचा ड्रायव्हर पीईमध्ये नसला, तर आतली एसएसडी दिसतच नाही. मग समोर एकच डिस्क उरते, तुमचा पेनड्राइव्ह, आणि तोच डिस्क ० असतो. पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर बूट इमेजमध्ये घाला. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं हा पळवाटेचा उपाय आहे. एका मशीनला ठीक, पण ऐंशी लॅपटॉप रांगेत असताना प्रत्येकाच्या बायोसमध्ये हात घालायचा, तर त्याला ऑटोमेशन कशाला म्हणायचं?

अक्षर न सांगता असाइन करणं

पार्टिशनला अक्षर देणारी कमांड म्हणजे असाइन. नुसतं असाइन लिहिलं की डिस्कपार्ट पुढचं मोकळं अक्षर देतं. ते कोणतं असेल, हे कार्ड रीडर आणि पेनड्राइव्ह ठरवणार. मी पीईमध्ये कायम तीनच अक्षरं वापरतो: ईएफआय (बूटच्या फाइलींच्या) पार्टिशनला एस, विंडोजला डब्ल्यू, रिकव्हरीला आर. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नमुना स्क्रिप्टमध्येही हीच आहेत. पीईमध्ये सी मिळवण्यासाठी झटापट करूच नका. इमेज डब्ल्यूवर उतरवा, बूटच्या फाइली लिहिणाऱ्या बीसीडीबूटला डब्ल्यूवरचं विंडोज फोल्डर आणि एस सांगा, रीस्टार्ट करा. जनरलाइझ केलेली, म्हणजे मूळ मशीनच्या खुणा काढलेली, इमेज असेल तर विंडोज आपणहून सी होऊन उठतं.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नोएरर चिकटवू नका. डब्ल्यू आधीच कुणी घेतलं असेल, तर असाइन चुकतं आणि डिस्कपार्ट तिथेच थांबतं. ते थांबायलाच हवं. नोएरर लावलं की ते चूक गिळून पुढे जातं आणि इमेज भलत्याच डब्ल्यूवर उतरते. बॅच फाइलमध्ये डिस्कपार्टच्या पुढच्याच ओळीत एररलेव्हल (कमांड चुकली का, हे सांगणारा आकडा) तपासा.

विंडोज डी होऊन उठलं

अंबडच्या एका कारखान्यात हे पाहिलं. शनिवारच्या सुट्टीत ऑफिसची सगळी मशीन नव्याने केली, आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याचा पाथ सी ड्राइव्हवर पक्का लिहिलेला, आणि विंडोज डीवर.

कारणं सहसा दोन. पहिलं, इमेज सिसप्रेप या टूलने जनरलाइझ न करता पकडलेली. मग जुन्या मशीनची माउंटेड डिव्हायसेसची नोंद इमेजबरोबर येते. दुसरं, टास्क सीक्वेन्समधलं (डिप्लॉयमेंटच्या टूलमधल्या कामांच्या यादीतलं) ओएसडीप्रिझर्व्हड्राइव्हलेटर हे व्हेरिएबल. ते ट्रू असलं तर इमेजमध्ये नोंदलेलं अक्षर तसंच ठेवलं जातं. विंडोज ७ च्या काळात डीव्हीडीवरची इन्स्टॉल विम (विंडोजची मूळ इमेज) थेट वापरणाऱ्यांना याचा फार त्रास झाला, कारण त्या इमेजमध्ये डी नोंदलेलं होतं. ॲप्लाय ऑपरेटिंग सिस्टिम या स्टेपच्या आधी ते फॉल्स करायचं. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या नव्या आवृत्त्यांत हे व्हेरिएबल मोडीत काढलं आहे आणि अक्षर विंडोज सेटअपच ठरवतो. पण जुने टास्क सीक्वेन्स कॉपी करत करत पुढे आणलेले असतात आणि ती ओळ त्यांत पडून असते.

त्या कारखान्यात एकाने रजिस्ट्रीत सी आणि डी यांची अदलाबदल केली. पासवर्ड टाकला की लॉगिन व्हायचं आणि लगेच लॉगऑफ. कारण लॉगिननंतर चालणाऱ्या युजरइनिटसकट कित्येक पाथ डीवर लिहिले गेले होते. बसलेल्या विंडोजचं अक्षर नंतर बदलायला जाऊ नका. कारण दुरुस्त करा आणि इमेज पुन्हा मारा. तीच सगळ्यांत जवळची वाट आहे, मालक कितीही घाई करू देत.

आता बाकीच्या, थोडक्यात.

इमेजचा पाथ डी:\इमेजेस असा पक्का लिहू नका. पेनड्राइव्हवर एक वेगळ्या नावाची खूणफाइल ठेवा आणि लूपमध्ये सगळी अक्षरं तपासून ती जिथे सापडेल ते अक्षर घ्या.

डेटा पार्टिशन डी हवं असेल तर आधी डीव्हीडी ड्राइव्हला झेडवर किंवा दुसऱ्या टोकाच्या अक्षरावर हलवा. पण एमडीटी आपलं डिप्लॉयमेंट शेअर झेडवरच जोडतं, म्हणून डिप्लॉयमेंट चालू असताना झेडला हात लावू नका.

नेटवर्क ड्राइव्हला ई किंवा एफ देणं बंद करा. एखाद्याच्या मशीनला कार्ड रीडर असतोच.

पीई जुन्या बायोस मोडमध्ये सुरू झालंय की नव्या यूईएफआयमध्ये, हे न बघता जीपीटी करू नका. रजिस्ट्रीत पीईफर्मवेअरटाइप पाहा: १ म्हणजे बायोस, २ म्हणजे यूईएफआय.

"पेनड्राइव्ह काढून परत लावला की अक्षर बरोबर येतं" हे मला सांगू नका. येतं, त्या मशीनवर, त्या वेळी.

आणि बिघडलं की लगेच रीस्टार्ट मारू नका. एक्स रॅममध्ये आहे, रीस्टार्टबरोबर त्यावरचे लॉगही जातात. टास्क सीक्वेन्समध्ये कमांड सपोर्ट आधीच चालू ठेवला असेल तर कमांडच्या विंडोसाठी एफ८ दाबा, साध्या विंडोज सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१०. लिस्ट डिस्क आणि लिस्ट व्हॉल्यूमचा फोटो काढा. एक्स:\विंडोज\टेम्प\एसएमएसटीएसलॉग मधला लॉग पेनड्राइव्हवर घ्या. एमडीटी असेल तर एक्स:\मिनआयएनटी खालचा बीडीडी लॉग, आणि साधा सेटअप असेल तर पँथर फोल्डरमधला सेटअपअॅक्ट. एवढं पाठवलंत तर फोनवरच उलगडा होतो. "सर, सगळं उडालं, काय करू?" एवढ्या मेसेजवर कुणालाच काही सांगता येत नाही.