दार स्वतः बसवायचं की सुताराला बोलवायचं?

नवं दार आणायच्या आधी जुन्या चौकटीला दहा मिनिटं द्या. सुतार लागेल की नाही, ते तीच सांगते.

1. ओळंबा सोडा. चौकटीच्या वरच्या टोकाला खिळा ठोकून ओळंबा सोडा. दोरीला जड नट बांधलात तरी चालेल. दोरी आणि लाकूड यांच्यातलं अंतर वर आणि खाली मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक बिजागऱ्या बसवताना सांभाळून घेता येतो. सेंटिमीटरभर असेल, तर चौकट कललेली आहे. मग दोन्ही कर्ण मोजा. उंबरठा नसेल तर दोन्ही बाजूंना वरून सारख्या अंतरावर खुणा करून तिथपर्यंत मोजा, कारण फरशीला उतार असू शकतो. कर्णांत ठळक फरक आला तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. अशा ठिकाणी सुतारालाच बोलवा. दार तासून वाकड्या चौकटीत बसवायला हात सरावलेला लागतो, आणि फ्लश डोअर (दोन्ही बाजूंना प्लाय लावलेलं सपाट दार) तर कडेच्या लाकडी पट्टीपुरतंच तासता येतं.

2. तळ टोचून बघा. चौकटीच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. न्हाणीघराची चौकट तिथूनच कुजते, वाळवीही बहुधा तिथूनच चढते. टोक आत शिरलं तर चौकटच बदलावी लागेल. म्हणजे भिंत फोडणं, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), सिमेंट. हे घरी करू नका.

3. वजनाचा विचार करा. 7 बाय 3 फुटांचं, 32 मिलिमीटर जाडीचं भरीव फ्लश डोअर 30 ते 40 किलो भरतं. खाली पाचर देऊन ते उचलून धरायला दुसरा माणूस हवाच. न्हाणीघराचं पीव्हीसीचं दार त्या मानाने फारच हलकं. पहिल्यांदा करत असाल तर तिथून सुरुवात करा, मीही तशीच केली होती.

मुख्य दाराला मात्र हात लावू नका. मॉर्टिस लॉक म्हणजे दाराच्या आत बसणारं कुलूप, त्याची खाच दाराच्या जाडीत कोरावी लागते. पटाशी थोडी सरकली तरी महागाचं दार वाया जातं, शिवाय घराची सुरक्षा त्यावरच असते.

4. पावसाळा लक्षात घ्या. कोकणात दर जुलैला दारं अडकतात. लाकूड ओल धरून रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाही. तेव्हा घाईने रंधा मारला की दिवाळीनंतर फट दिसते. दार फक्त पावसातच अडकत असेल तर थांबा. कोरडं झाल्यावर वरच्या आणि खालच्या कडा बघा. त्या बहुतेक वेळा बिनरंगाच्या राहून जातात आणि ओल तिथूनच शिरते. दोन हात रंग द्या.

सुतार ठरवलात तर मजुरीत कुलूप, कडी-कोयंडा आणि कडांचं पॉलिश धरलंय का, ते आधीच विचारा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी दार अर्धं उघडून सोडून द्या. ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. आपोआप मिटलं किंवा उघडलं, तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत किंवा चौकट ओळंब्यात नाही. सुतार घरात असतानाच ते दुरुस्त करून घ्या.