रॅम टाकली आणि पीसी मेला? आधी या चुका बघा

"दादा, रॅम टाकली आणि पीसी मेला." आठवड्यातून एकदा तरी दुकानात हे ऐकतो. खरोखर मेलेला पीसी मात्र क्वचितच येतो.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा भिजत अख्खा सीपीयू उचलून घेऊन आला (कॅबिनेटला सीपीयू म्हणायची आपली सवय काही जायची नाही). रायझन ७६०० प्रोसेसर, त्यात नवी ३२ जीबी डीडीआर५ रॅम. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. वीस सेकंद वाट बघायची, मेन स्विच बंद करायचा, रॅमच्या जागा बदलायच्या, पुन्हा चालू. असं त्याने दोन तास केलं होतं! मी पीसी चालू केला, त्याला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. चहा संपायच्या आत बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रामची) स्क्रीन आली. नवी डीडीआर५ रॅम बसवली की मदरबोर्ड पहिल्यांदा तिची 'ट्रेनिंग' करतो, म्हणजे सिग्नलचं टायमिंग जुळवतो. एएम५ बोर्डांवर (७६००सारख्या नव्या रायझनचे बोर्ड) याला काही मिनिटं लागू शकतात. मध्येच बंद केलंत की पहिल्यापासून सुरुवात. मी पंधरा मिनिटं हात लावत नाही. पण पोरांना रील संपायच्या आत पीसी चालू हवा असतो.

दुसरी चूक माझी स्वतःचीच. ५५० वॉटचा मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) पीएसयू, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, काढून ७५०चा बसवला. जुन्या वायरी छान ओवलेल्या होत्या, म्हटलं कशाला उसकटा, नुसता डबा बदलू. प्लग सहज बसले. बटण दाबलं, टिक आवाज झाला, पीसी बंद आणि जळका वास. एसएसडी गेली, शेजारची दोन टीबीची हार्ड डिस्कही गेली; मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. वायरीचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पीएसयूकडचं नसतं. तिथला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की खेळ खलास. आता जुन्या वायरी मी जुन्या पीएसयूलाच सुतळीने बांधून ठेवतो.

बाकीच्या भराभर सांगतो. प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर वायर विसरू नका. ती नसली तरी पंखे फिरतात, आणि लोक फसतात. इंटेलच्या १२४००एफ प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, तेव्हा मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डातच लावा. बी४५० बोर्डावर रायझन ५६०० टाकताय? जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. रॅमच्या दोनच काड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट, आणि 'कट्' आवाज येईपर्यंत दाबायचं. एएम४चा (५६००सारख्या जुन्या रायझनचा) कूलर सरळ ओढू नका. पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, मग कूलर हळूच पिळून काढा. नाहीतर मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर वर येतो आणि पिना वाकतात.

यातलं काहीच नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, नवीन बसवलेलं सगळं काढा, एकच काडी लावून बघा. मग एकेक वस्तू वाढवत जा. व्हिडिओ बघून एका दमात चार वस्तू बदलणाऱ्यांचा मला राग येतो, कारण मग बिघाड चार ठिकाणी शोधावा लागतो.

आणि हो, पीएसयूच्या मागचा छोटा स्विच उभ्या रेघेकडे दाबलेला आहे ना? एवढ्यासाठी आलात तर पैसे घेत नाही, पण चहा तुमच्याकडून.